दोन मजल्यांच्या मधे

२ एप्रिल

प्रिय भाऊजी,

फोनच केला असता, पण फोन असतो आईंच्या उशाशी, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आपल्या आईचं सगळं थकलंय, कान सोडून. म्हणून पत्र. तुम्हाला तसाही कागदच बरा वाटतो.

सरळच सांगते, नाहीतर चार पानं इकडचं तिकडचं लिहीन आणि मुद्दा राहून जाईल. मला लग्न करायचंय. आधी खाली बसा, पाणी प्या आणि मग पुढे वाचा.

ते इथल्या शाळेत खेळ शिकवतात. गळ्यात चोवीस तास शिट्टी, म्हणून आमच्या दुकानात सगळे त्यांना शिट्टीवालेच म्हणतात. दोन वर्षांपूर्वी आले आणि काउंटरवर हात टेकून मला म्हणाले, "मला दिसतं सगळं चांगलं, हल्ली अक्षरंच बारीक छापतात." मी हसले. त्यांच्या चष्म्याच्या काचा मीच घासून बसवल्या. मग फ्रेम सैल झाली म्हणून आले, मग घट्ट झाली म्हणून आले, मग काहीच झालं नाही तरी यायला लागले. चांगला माणूस आहे हो. मोठ्याने बोलतो, पण चांगला आहे.

त्यांना दुसऱ्या गावच्या शाळेत नोकरी मिळालीय, एक जूनपासून. मला घेऊनच जायचं म्हणतात. आता अडचण तुम्हाला ठाऊकच आहे. तुमचे दादा छत्रीची काडी बदलून आणतो म्हणून गेले, त्याला या महिन्यात आठ वर्षं होतील. वकीलबाई म्हणतात, सात वर्षांत माणसाची काही खबर नसेल तर बायकोला मोकळं होता येतं. अर्जावर दोन सह्या लागतात, एक बायकोची, एक रक्ताच्या नात्यातल्या माणसाची. खाली लिहायचं, 'या काळात मला त्यांच्याकडून किंवा त्यांच्याबद्दल काहीही कळलेलं नाही.' आईंना ती सही करायला सांगणं माझ्याच्याने होणार नाही. तुमची हवी. अर्ज सोबत आहे. तारीख वीस मेची मिळालीय, ती हुकली तर पुढची थेट वर्षाच्या शेवटी.

आणि आई. त्या तुमच्याकडे आल्या तर बरं, असं मला वाटतं. त्यांना अजून काही बोललेले नाही. आधी तुम्हाला सांगितलं.

तुमची,
वहिनी

१० एप्रिल

ती. सौ. वहिनीस साष्टांग नमस्कार,

पत्र मिळालं. पाणी प्यायलो, दोन पेले. आनंद झाला असं लिहितो, कारण तो झालाच आहे. शिट्टीवाल्यांना माझा नमस्कार सांग.

अर्ज वाचतोय. कायद्याची भाषा तुला माहीतच आहे, एकेका वाक्याला श्वास पुरत नाही. शिवाय सध्या परभाषी शब्दांच्या कोशाचं काम असं अंगावर आलंय की विचारू नकोस. आमच्या संपादकांना, म्हणजे पूर्णविरामांना (त्यांच्यानंतर कोणी बोलत नाही म्हणून हे नाव), 'ल'चा खंड या उन्हाळ्यात छापायला द्यायचाय आणि मी तीन आठवडे एकाच शब्दावर अडकलोय. लिम्बो.

शब्द मूळचा लॅटिन. लिंबस म्हणजे कापडाचा काठ, किनार. पुढे धर्मशास्त्र्यांनी तो उचलला. त्यांच्यापुढे पेच असा होता की जी तान्ही मुलं दीक्षेचं पाणी डोक्यावर पडायच्या आत गेली, त्यांना स्वर्ग देता येत नाही आणि नरक देववत नाही. मग ठेवायचं कुठे? तर नरकाच्या काठावर. छळ नाही, सुख नाही, नुसतं असायचं. तसंच येशूच्या आधी होऊन गेलेल्या भल्या माणसांचं. पुढे इंग्रजीत तुरुंगालाही लिम्बो म्हणायला लागले, नंतर अडगळीला, आणि आता जिथे निकाल लागत नाही अशा कशालाही.

मराठीत काय देऊ? 'अधांतर' बरा आहे, पण तो हवेतला. 'त्रिशंकू अवस्था' मधे त्या राजाचा हट्ट आहे, या पोरांनी कसला हट्ट केला होता? 'भिजत घोंगडं' पूर्णविरामांना गावठी वाटतं. 'जीव टांगणीला लागणे' मला आवडतं, पण टांगणीला लागलेला जीव कशाची तरी वाट बघत असतो आणि त्या मुलांना वाटही बघायची सोय नव्हती. रस्त्याने जाताना पुटपुटत असतो. परवा एका सायकलवाल्याने शिव्या घातल्या.

खोलीत खोकी इतकी झालीत की पलंगावरही खोकी आहेत, मी कडेला झोपतो. आईला नमस्कार. गुडघा कसा आहे तिचा?

तुझा,
भाऊजी

१७ एप्रिल

भाऊजी,

मी तुम्हाला लग्नाचं लिहिलं आणि तुम्ही मला कोश पाठवलात.

मी काही तुम्हाला आज ओळखत नाही. परीक्षेत नापास झाला होतात तेव्हा घरी येऊन 'परीक्षा' शब्दाची फोड करून सांगत बसला होतात, अर्धा तास. दादा ऐकतच राहिले, मी भाजी चिरता चिरता म्हटलं, "किती विषय गेले?" तेव्हा कुठे गप्प झालात. लपवायचं असलं की तुम्ही अर्थ सांगत सुटता. आता काय गेलंय, ते सांगा.

आईंचं ओझं वाटत असेल तर तसं लिहा. मला राग येईल, पण कळेल तरी. तुमचं पत्र आल्यापासून माझं कामात लक्ष नाही. काल एका गिऱ्हाइकाची उजवी काच डावीकडे बसवली. बिचारा म्हातारा दारातच भिंतीला धडकला आणि उलट मलाच 'सॉरी' म्हणाला. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

आणि ते 'सौ.' लिहू नका. लिहिलं की खुपतं, नाही लिहिलं तरी खुपेल, पण निदान तुमच्या हाताने नको.

सही करताय की नाही, एका ओळीत कळवा.

वहिनी

२३ एप्रिल

ती. वहिनीस,

एका ओळीत येत नाही. माफ कर. आईचं कारण नाही, किंवा तेवढंच नाही. मी त्या अर्जावर सही केली तर खोटी होईल.

आमच्याकडे पद्धत अशी आहे. मी नोकरीला लागलो त्या सुमाराला कार्यालयाने लोकांना आवाहन केलं होतं, आपापल्या धंद्यातून शब्दांचे अर्थ सांगा, चिठ्ठीवर लिहून पाठवा. लोक अजूनही पाठवतात. आम्ही चिठ्ठ्यांचं पुडकं फोडतो, एकेक चिठ्ठी जाड कार्डावर डकवतो आणि त्यावर तारखेचा शिक्का मारतो. पाठवणाऱ्याचं नाव कार्डावर नसतं, नुसता नंबर.

मार्चच्या बारा तारखेला लिम्बोच्या कप्प्यात टाकायला म्हणून एक चिठ्ठी माझ्यापुढे आली. मी ती डकवली, शिक्का मारला आणि मग वाचली. वर लिहिलं होतं, 'धंदा: लिफ्टची दुरुस्ती.' खाली, 'लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली की आतला माणूस ज्या अवस्थेत असतो ती. वरचे आवाज येतात, खालचेही येतात.'

वहिनी, अक्षर दादाचं आहे. शिरोरेघ अर्ध्यावर सोडलेली, 'ल'ची शेपटी खालच्या ओळीत घुसलेली. मला हॉस्टेलवर चार वर्षं पत्रं आली आहेत त्या अक्षरात. मी चुकणार नाही. आणि शिक्का यंदाच्या मार्चचा आहे.

दादा जिवंत आहे, कुठेतरी अजून लिफ्टच दुरुस्त करतोय आणि माझ्या कार्यालयाला शब्दांचे अर्थ पाठवतोय. दीड महिना हे पोटात घेऊन फिरतोय. तुला सांगावं तर तुझं लग्न मोडतं, न सांगावं तर मी कोण ठरतो? आता सांगितलं. पुढे काय करायचं ते मला खरंच कळत नाही.

भाऊजी

२८ एप्रिल

भाऊजी,

शिट्टीवाल्यांना नाही म्हणून सांगितलं. दुकानाच्या पायरीवरच सांगितलं. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, खिशात टाकली आणि गेले.

आठ वर्षं! दवाखाने पालथे घातले, पोलीस चौकीच्या बाकावर बसून बसून माझी कंबर गेली, आणि हा माणूस तिकडे बसून कोशाला अर्थ पाठवतोय? मला एक ओळ नाही, आईला एक ओळ नाही, आणि तुमच्या त्या पूर्णविरामांना चिठ्ठ्या? समोर असते ना, तर काय केलं असतं मला माहीत नाही. जेवायला वाढलं असतं बहुतेक. त्याचाच जास्त राग येतो.

दुकानाचं दार वाजलं की मान वर होते. सुटली होती ती सवय, महत्प्रयासाने सुटली होती.

नंबरावरून पत्ता काढा. त्या चिठ्ठीची प्रत मला पाठवा. आईंना यातलं अक्षर कळता कामा नये.

वहिनी

६ मे

ती. वहिनीस,

तुझं पत्र आल्यापासून मी एका जागी बसलेलो नाही. नंबरांची नोंदवही पूर्णविरामांच्या कपाटात आहे, किल्ली त्यांच्या खिशात आहे आणि ते मुलीच्या बाळंतपणाला गेलेत. बारा तारखेला येतील. कपाटाला दोनदा हात लावून बघितला. तिसऱ्यांदा टायपिस्टबाईंनी विचारलं, "काही हरवलंय का?" मी हो म्हटलं.

मूळ कार्ड बाहेर नेता येत नाही, झेरॉक्स पाठवतोय.

आणि एक कबूल करतो, कारण तू ते तसंही ओळखलं असशील. चिठ्ठी वाचली तेव्हा आधी रडू आलं. पण तुझं पत्र आलं आणि त्यात आईचं वाचलं, तेव्हा मनात पहिलं काय आलं असेल? 'चला, म्हणजे आता आईला आणायला नको.' स्वतःची आई गं माझी. आठ वर्षं तू सांभाळलीस, मी लोकांच्या दिवाणखान्यात बसून माझ्या वहिनीचं कौतुक सांगितलं. दादा सापडल्याचा आनंद होता की माझी खोली वाचल्याचा, हे मला आज नीट सांगता येणार नाही. लाज वाटते.

तू शिट्टीवाल्यांना इतक्यात नकार द्यायला नको होतास. पण हे मी कोणत्या तोंडाने लिहितोय!

भाऊजी

११ मे

भाऊजी,

झेरॉक्स मिळाली. दुपारी दुकानात, काचेच्या कपाटामागे उभी राहून बघितली. अक्षर त्यांचंच, त्यात वाद नाही.

पण भाऊजी, तुम्ही अक्षर बघितलंत, मी कागद बघितला. वरच्या कडेला दोन भोकं आहेत आणि उजवा कोपरा तिरका कापलेला आहे. तो आमच्या जुन्या दुकानातला, चष्म्याचा नंबर लिहून द्यायच्या पॅडचा कागद आहे. तो कोपरा मीच कापायची, रोज सकाळी, शंभर शंभर कागदांचा. ते दुकान बंद होऊन सात वर्षं होऊन गेली.

मग मला सगळं आठवलं. तुमच्या नोकरीचं ते पहिलं वर्ष. तुम्ही लिहिलं होतं की आवाहन केलं तरी लोक चिठ्ठ्या पाठवत नाहीत, साहेब चिडलेत. ते वाचून दादांनी तुमच्या पत्राबरोबर आलेली शब्दांची यादी काढली आणि रोज जेवण झालं की माझ्या पॅडवर एकेक लिहायला बसायचे. जिभेचं टोक बाहेर काढून, पोरासारखं. मला म्हणायचे, "धाकट्याला सांगू नकोस, हसेल मला." म्हणून नाव घातलं नाही, तुम्हाला कळवलं नाही. चाळीसएक चिठ्ठ्या झाल्या. चष्म्याच्या तपकिरी डबीत कोंबल्या, वर कागद गुंडाळला आणि पोस्टात मी टाकल्या. मी, या हाताने. ते गेले त्याच्या आधीच्या आठवड्यात.

तुमचा तो शिक्का कसला असतो हो? चिठ्ठी लिहिल्याचा, पोहोचल्याचा की पुडकं फोडल्याचा?

तुमच्या अडगळीत तपकिरी डबी आहे का बघा. नसेल तर मी चुकले आणि दादा पॅड बरोबर घेऊन गेले. असेल तर ते पुन्हा गेले म्हणायचे. तेरा दिवस होते माझ्याजवळ. भांडत होते मी त्यांच्याशी, रोज.

वहिनी

१४ मे

ती. वहिनीस,

फोडल्याचा. शिक्का पुडकं फोडल्याचा असतो. नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो आम्ही, गेली सहा वर्षं मीच शिकवतोय, आणि माझ्याच घरच्या चिठ्ठीवर मला ते आठवलं नाही. आठवायचं नव्हतं, असं म्हण.

तुझं पत्र हातात घेऊनच अडगळीच्या खोलीत गेलो. मोडक्या पंख्याखाली तपकिरी डबी होती, निम्म्या चिठ्ठ्या अजून आतच. वेष्टणावर पोस्टाचा शिक्का आठ वर्षांपूर्वीच्या एप्रिलचा. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं म्हणून तेव्हा कोणीतरी पुडकं बाजूला ठेवलं आणि ते तसंच राहिलं. यंदा टायपिस्टबाईंनी साफसफाई काढली, डबी उघडली आणि 'ल'च्या चिठ्ठ्या तेवढ्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. पूर्णविराम परवा आले, नोंदवहीत त्या नंबरापुढे लिहिलंय, 'निनावी, चष्म्याची डबी.'

मग एक गुन्हा केला. ओलं फडकं लावून चिठ्ठी कार्डावरून सोडवली. एकाच बाजूला लिहा, असं आवाहनात ठळक छापलं होतं, पण दादाने कुठला नियम कधी पाळलाय? मागे तुझ्या जुन्या दुकानाचं नाव, उजवा डोळा, डावा डोळा असे रकाने, आणि त्या रकान्यांवरून आडवं लिहिलंय. जसंच्या तसं देतो. 'उपाय: लिफ्टची गाडी मोटारीचं चाक हाताने फिरवून वर न्या, नाहीतर खाली न्या. जवळ असेल त्या मजल्याला लावा आणि दार उघडा. मधे ठेवू नये. आतला माणूस घाबरतो.'

पूर्णविराम मागे येऊन उभे होते. कार्ड खराब केल्याबद्दल आता बोलणार, असं वाटलं. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, दोनदा वाचली आणि म्हणाले, "अर्थ अधांतर अवस्था द्या. उदाहरण हेच द्या." मग माझ्या डोळ्यांकडे बघून खिडकी उघडायला गेले.

वहिनी, मी सही केलीय. अर्ज सोबत आहे. लिहिलंय ते खरं आहे, आठ वर्षांत मला काहीही कळलेलं नाही. मूळ चिठ्ठीही पाठवतोय, पूर्णविरामांनी दिली, ती तुझी आहे. आम्हाला झेरॉक्स पुरेल.

पलंगावरची खोकी कपाटावर चढवली. पलंग आईला, खिडकीच्या बाजूला, मी खाली. तिला मी न्यायला येतोय, बावीसला. ती नाही म्हणाली तर हट्ट करीन, तिच्यासारखाच. आणि हे पत्र हातात पडताच तू मैदानावर जा, हात जोडतो.

तुझा,
भाऊजी

१९ मे

प्रिय भाऊजी,

पत्र काल आलं. चिठ्ठी हातात घेऊन दुकानातच रडले, मालकांनी गिऱ्हाइकाला सांगितलं की काचेची धूळ गेली डोळ्यात. मग ऍप्रनवरच मैदानावर गेले. शिट्टीवाले पोरांना पळवत होते, शिट्टी न वाजवता, नुसता हात हलवून. मी सगळं सांगितलं, चिठ्ठीसकट. त्यांनी खिशातून चष्मा काढला, दोन्ही बाजू वाचल्या. म्हणाले, "भला माणूस." मग म्हणाले, "मी घाई करणार नाही." मी म्हटलं, "अहो, करा!" तेव्हा खिशातली शिट्टी काढून अशी फुंकली की चाळीस पोरं होती तिथे थांबली आणि आमच्याकडे बघत राहिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आईंना सांगायचं राहिलं होतं. आज सकाळी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि लग्नाचं, अर्जाचं, तुमच्या कार्यालयाचं सगळं एका दमात सांगून टाकलं. म्हटलं, जे बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन. त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "काय लिहिलंय त्याने, वाच." मी पुढची बाजू वाचली, मागची वाचली. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. तुम्हाला माहितेय ना, आठ वर्षांत त्यांनी 'तो येईल' याखेरीज दुसरं काही म्हटलेलं नाही. मला म्हणाल्या, "लिफ्टवाला सांगतोय ना, मग ऐक त्याचं, पोरी. त्याला त्याचं काम येत होतं."

मग पेन कुठाय म्हणून विचारलं आणि माझ्या सहीच्या वेळी कागद हलू नये म्हणून कडेला हात धरून बसल्या. सही झाली. अर्ज मी आत्ताच वकीलबाईंकडे देऊन आले, उद्याची तारीख गाठली.

बावीसला या. बॅग त्यांनी स्वतःच काढून ठेवलीय, आणि तुमच्याकडे खोकी किती आहेत ते मला तीनदा विचारून झालंय.

तुमची,
वहिनी